आधीच्या शस्त्रक्रिया : नाही

लॅबमध्ये तिला सगळे ठिपकी म्हणत. नाव काकांनी ठेवलेलं, आणि त्याला कारणही तसंच होतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत, ही दोघं सतरा वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेली. पेशंटचं रक्त स्लाइडवरच्या पेशींवर सोडायचं, वर चमकणारा रंग घालायचा आणि बघायचं. पेशी काळसर राहिल्या तर निगेटिव्ह. हिरव्या उजळल्या तर त्या रक्तात आपल्याच शरीरावर उलटणारं काहीतरी आहे, म्हणजे पॉझिटिव्ह. उजळण्याच्याही तऱ्हा असतात. कुठे सगळा गोल उजळतो, कुठे नुसती कड, कुठे मोहरीहून बारीक ठिपके. ते ठिपके ओळखण्यात हिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

काका म्हणजे नात्याने कुणाचेच काका नव्हते. लॅब सुरू झाली तेव्हापासून ते तिथे होते आणि निवृत्तीला आता दीड वर्ष उरलं होतं, एवढं पुरे. स्वभावाने लोण्यासारखे, पण एका गोष्टीत हट्टी. स्लाइड वाचण्याआधी पेशंटचा कागद उघडायचा नाही. बाई की पुरुष, वय काय, काय होतंय, डॉक्टरांना कशाची शंका आहे, काहीही माहीत करून घ्यायचं नाही. स्लाइडवर फक्त नंबर. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, आपापल्या वहीत लिहायचं, मग वह्या जुळवायच्या आणि सगळ्यात शेवटी कागद उघडायचा.

"आधी गोष्ट ऐकली की डोळे गोष्टीच्या बाजूने जातात," काका म्हणत. नव्या माणसाला हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकावं लागे, आणि पुढे दर आठवड्याला.

ठिपकीच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की नवऱ्याने भाजीची चव बघायला दिली तरी ती म्हणे, "यात काय घातलंय ते सांगू नकोस." नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो हसून सोडून देई. पण पुढे जे घडलं ते या सवयीमुळेच घडलं. असली चूक दुसऱ्या कुणाच्या डोक्यातसुद्धा आली नसती.

गेली अडीच वर्षं ठिपकीची तब्येत ठीक नव्हती. सकाळी उठलं की बोटं वळायची नाहीत. तासभर तरी मुठी मिटता यायच्या नाहीत, आणि बाटलीचं झाकण नवऱ्यापुढे धरावं लागे. डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं वाटे. थकवा तर असा, की दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जाताना मधल्या पायरीवर बसावं लागायचं. ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करणारा राहतो त्याच इमारतीला लिफ्ट नाही, यावर दोघं पूर्वी खूप हसायची. आता हसायलाही दम लागायचा.

ती सांध्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ लागली. डॉक्टरीणबाई शांत, कमी बोलणाऱ्या, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. पहिल्या भेटीत एक फॉर्म भरायला दिला. त्यात एक ओळ होती, 'आधीच्या शस्त्रक्रिया'. ठिपकीने पेन जरा वेळ हवेत धरलं, आणि लिहिलं, 'नाही'.

हे खोटं होतं.

अकरा वर्षांपूर्वी, तिशीत, तिने छातीत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. त्यामागे दुखणं नव्हतं, कुणाची जबरदस्ती नव्हती, कुणी पुरुष नव्हता. लहानपणापासून तिला आपली सपाट छाती आवडत नव्हती, बस्स. चुलतभाऊ म्हणायचा, "ही येतेय की जातेय ते चेहरा बघून ठरवावं लागतं." सगळे हसत, तीही हसे. मग नोकरी लागली, चार पैसे साठले, आणि एके दिवशी कुणालाही न विचारता ती जाऊन आली. लोकांना अशा गोष्टीत एकतर पाप दिसतं नाहीतर कसलंतरी खोल दुःख. इथे दोन्ही नव्हतं. तिला ते हवे होते आणि मिळाल्यावर ती खूश झाली. चालताना खांदे पुढे काढून वाकायची जुनी खोड आपोआप गेली. आंघोळीनंतर आरशासमोर दोन मिनिटं जास्त थांबावंसं वाटू लागलं. या सुखाला मी तरी नाव ठेवणार नाही.

लग्न त्यानंतर तीन वर्षांनी झालं. होणाऱ्या नवऱ्याला तिने आधीच सांगून टाकलं. त्याने गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांची दरवर्षी तपासणी करावी लागते का?" लिफ्टवाल्याला दुसरं काय सुचणार! त्याच क्षणी तिने ठरवलं की लग्न करायचं तर याच्याशीच.

मग फॉर्मवर 'नाही' का? तिने स्वतःला दिलेलं कारण मोठं शास्त्रशुद्ध होतं. इम्प्लांट आणि असल्या आजारांचा काही संबंध असू शकतो, अशी चर्चा तिने वाचली होती. कुठे संबंध दिसतो म्हणत, कुठे दिसत नाही म्हणत. डॉक्टरीणबाईंना आधीच सांगितलं तर त्या तेच शोधतील आणि बाकी काही बघणारच नाहीत. आधी त्यांना कोऱ्या डोळ्यांनी वाचू दे. निदान झालं की मग कागद उघडू.

नवऱ्याने एकदा विचारलंही होतं, "डॉक्टरांना ते सांगितलंस ना?"

"आत्ता नाही. त्यांचे डोळे गोष्टीच्या बाजूने जातील."

यातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून तो गप्प बसला.

खरं कारण या शास्त्राच्या पाठीमागे लपून बसलं होतं. त्या पहिल्या भेटीच्या थोडंच आधी नणंद घरी आली होती, तेव्हा टीव्हीवर याच विषयाची बातमी चालू होती. नणंदेने चहा ढवळता ढवळता म्हटलं, "हौस केली ना, आता भोगा म्हणावं." तिला ठिपकीचं काहीच ठाऊक नव्हतं. ती सहज बोलली आणि बिस्किट बुडवायला लागली. ठिपकी मात्र तेव्हापासून मूग गिळून बसली. आजारी पडणं एकवेळ परवडलं, पण आपल्या हौसेनेच आपण आजारी पडलो हे कुणाच्या तोंडून ऐकणं नको, असं तिच्या मनाने घेतलं होतं. अशात अडीच वर्षं गेली. डॉक्टरीणबाई गोळ्या बदलत राहिल्या, तपासण्या करत राहिल्या, आणि त्यांना काहीच धड कळेना.

शेवटी त्यांनी, सुरुवातीला परगावी करून निगेटिव्ह आलेली रक्ताची तपासणी पुन्हा करायला सांगितली. ती तपासणी शहरात एकाच ठिकाणी होत असे, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत.

नमुना आला, नंबर पडला. आपला नंबर तिला माहीत होता. तिने काकांना सांगून बाजूला व्हायला हवं होतं. तिने तसं केलं नाही. आपण आपल्याबाबतीत उलट जास्तच कडक राहू, असं तिला वाटलं. सकाळी अकराच्या सुमाराला दिवे मालवून तिने तेरा स्लाइड ओळीने वाचल्या आणि वहीत लिहिल्या. तेरावी तिची होती. त्यापुढे तिने लिहिलं, 'निगेटिव्ह'.

मग काकांनी वाचल्या. वह्या जुळवल्या. बारा जुळल्या. तेराव्या नंबरापुढे काकांच्या वहीत होतं, 'पॉझिटिव्ह, बारीक ठिपके'.

वाचन जुळलं नाही की दोघांनी जोडीने बघायच्या मायक्रोस्कोपवर समोरासमोर बसून एकच स्लाइड एकदम बघायची, असा रिवाज. काकांनी स्लाइड लावली.

"बघ," ते म्हणाले.

ती बघत राहिली. हिरवे बारीक ठिपके पेशीपेशीत स्पष्ट चमकत होते. तासाभरापूर्वी हीच स्लाइड तिला काळी दिसली होती.

"माझे डोळे कोरडे पडतात हल्ली," ती म्हणाली. "औषध घालते मी. पण नीट दिसत नाही कधीकधी. काका, मला वाटतं मी आता हे काम सोडावं."

काकांनी मान वर केली नाही. "डोळे बिघडले असते तर बाराच्या बारा चुकल्या असत्या. पाचव्या नंबरची कड इतकी पुसट होती, की मी दोनदा बघितली. ती तू बरोबर धरलीस. ही तर आंधळ्यालाही दिसेल." मग त्यांनी विचारलं, "ठिपके, कुणाचं रक्त आहे हे?"

खोलीत अंधार होता म्हणून बरं झालं. ती म्हणाली, "माझं."

मग सगळंच बाहेर आलं. बोटं, डोळे, पायऱ्या, फॉर्म, अकरा वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया, नणंदेचं बिस्किटसुद्धा. काकांसमोर छातीबद्दल बोलायची वेळ येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. काका स्लाइडकडे बघत ऐकत राहिले, त्यामुळे तिला बोलता आलं.

"डॉक्टरांना कोऱ्या डोळ्यांनी वाचू द्यावं, म्हणून नाही सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "आपलाच नियम ना, काका?"

काकांनी आता मान वर केली. त्यांना राग आला होता. सतरा वर्षांत तिने तो तीनचारदाच पाहिला असेल.

"अगं बावळट, तो नियम काचेसाठी आहे! काचेला काही विचारता येत नाही, म्हणून आपण नुसतं बघतो. तुला तोंड आहे ना? डॉक्टर तुला विचारतायत आणि तू त्यांना नंबर देतेस? आणि आपणही शेवटी कागद उघडतोच की नाही? तू अडीच वर्षं उघडलाच नाहीस."

त्यांनी दिवा लावला. तिच्या वहीतली नोंद त्यांनी खोडली नाही. बाजूला लिहिलं, 'स्वतःचा नमुना, हे वाचन धरू नये', आणि खाली सही केली. मग म्हणाले, "आज दुपारी सुट्टी घे. जा त्यांच्याकडे."

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. त्या चिडल्या असतील तर तसं दाखवलं नाही. फक्त म्हणाल्या, "हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं." ठिपकीला ते फटक्यासारखं लागलं, आणि ते बरोबरच होतं.

छातीचा स्कॅन झाला. दोन्ही इम्प्लांट शाबूत होते. कुठे फाटलेले नव्हते, गळतही नव्हते. आता डोळे आणि लाळेच्या ग्रंथींच्या तपासण्या जोडून बघितल्यावर आजाराला नावही मिळालं. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथींवर आणि सांध्यांवर उलटते, तो आजार. त्याच्या नव्या गोळ्या सुरू झाल्या.

"हा इम्प्लांटमुळे झाला का?" ठिपकीने विचारलं. जणू आयुष्यात तिला एवढाच प्रश्न विचारायचा होता.

"माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही अभ्यासांत असे आजार इम्प्लांट असलेल्या बायकांमध्ये जास्त दिसले. काहींत तसं दिसलं नाही. आणि तुमच्या एकटीच्या बाबतीत तर कुठलीच तपासणी मला हे सांगू शकत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी इम्प्लांट बसवले नाहीत अशा बायकांनाही हा आजार होतो, तुमच्याकडेच येतात त्यांच्या स्लाइड."

"आणि काढले तर?"

"काहींना बरं वाटतं. काहींना फरक पडत नाही. गोळ्या बहुधा चालू ठेवाव्याच लागतील. मी काढा म्हणणार नाही आणि ठेवा म्हणणार नाही. तुम्ही ठरवाल ते मला चालेल."

झालं, घोडं इथेच अडलं. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, एवढंच लिहिण्यात जिची सतरा वर्षं गेली, तिला कुणी निकालच देईना. जे तिला जिवापाड आवडत होते ते काढून टाकायचे, तेही नुसत्या 'कदाचित'वर? आणि ठेवायचे तर बोटं आणखी आखडतील, डोळे जातील, मायक्रोस्कोप सुटेल, ही भीती जन्मभर उशाशी घेऊन?

तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "शरीर तुझं आहे. तुझं तू ठरव."

पुन्हा चार दिवसांनी विचारलं. तो गॅलरीत बूट पुसत होता. म्हणाला, "मी कोण सांगणारा? तुझं तू ठरव."

तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर तिचं डोकं फिरलं. "लिफ्ट बंद पडली की लोकांना हेच सांगतोस का? तुमचं तुम्ही ठरवा, जिन्याने जायचं की खिडकीतून?"

तो हसला नाही. त्याने बूट ठेवला आणि आत निघून गेला. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. याला काही पडलेलीच नाही, असं तिने धरलं. चांगला नवरा, समजूतदार नवरा, पण अशा वेळी भिंतीसारखा थंड नवरा.

भिजत घोंगडं तसंच दीड महिना पडलं. नव्या गोळ्यांनी बोटं थोडी सुधारली, पण थोडीच. मग एका सकाळी, बोटं सैल व्हायची वाट बघत ती अंथरुणात पडली होती. हात सहज छातीवर गेला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण रोज हेच करतोय. रोज सकाळी चाचपून बघतोय, की आज तुम्ही माझ्याशी काय केलंत. आरशासमोर तर ती कित्येक महिन्यांत थांबलीच नव्हती. ज्यांच्यावर तिचा जीव होता त्यांच्याकडे ती घरातल्या चोराकडे बघावं तसं बघू लागली होती. ते दोषी आहेत की नाहीत हे कधीच कळणार नव्हतं. पण हा संशय छातीवर घेऊन आणखी वीसतीस वर्षं झोपायचं, हे तिच्याने होणार नव्हतं.

"काढते मी," तिने चहा पिताना सांगितलं.

नवऱ्याने मान हलवली. "कधी जायचं ते सांग, मी रजा टाकतो."

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. फॉर्म भरताना या वेळी तिने 'आधीच्या शस्त्रक्रिया' या ओळीत सगळं लिहिलं, अक्षर वाकडं आलं तरी. खाली, बरं वाटेलच याची खात्री नाही हे मला समजलं आहे, असं छापलेलं होतं. तिथेही सही केली. काका भेटायला आले आणि पाच मिनिटांत, तू नाहीस तर वह्या जुळवायला मजा येत नाही, एवढं सांगून गेले. नणंद आली तेव्हा ठिपकीने तिला स्वतःच सांगितलं, काय होतं आणि काय काढलं. नणंद गोरीमोरी झाली. "मी तेव्हा उगाच काहीतरी बोलले," म्हणाली, आणि आठवडाभर जेवणाचा डबा पाठवत राहिली.

तीन महिने झाले. सकाळचा तास पाऊण तासावर आला होता. डोळे होते तसेच. थकवा कमी झाल्यासारखा वाटे. पण ते गोळ्यांमुळे, की काढल्यामुळे, की नुसतं मनाला वाटतं म्हणून, हे ती सांगू शकली नसती. ती कामावर परत रुजू झाली होती. ठिपके तिला दिसत होते.

एका रविवारी दुपारी ती कपाट आवरत होती. आवडीचे चार शर्ट पलंगावर काढून ठेवले होते. एक घातला. तो समोरून चुरगळल्यासारखा खाली लोंबला. आत आता काही नव्हतं. दोन आडवे व्रण होते आणि सैल पडलेली कातडी. अकरा वर्षांपूर्वीची सपाट छातीसुद्धा परत मिळाली नव्हती, ही तिसरीच कुठलीतरी होती. तेवढ्यात नवरा खोलीत आला.

"छान दिसतेस," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

ती आरशातूनच त्याच्याकडे बघत म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील? तुला ते आवडायचे का?"

तो पलंगाच्या कडेवर बसला, शर्टांच्या शेजारी.

"हो," तो म्हणाला.

"किती?"

"खूप. मला नको होतं गं ते काढायला. अजिबात नको होतं. रोज तोंडाशी यायचं. पण म्हटलं, मी बोललो तर तू माझ्यासाठी ठेवशील. आणि उद्या तुझे हात गेले, डोळे गेले, तर मी कुठे तोंड दाखवू? तू मला निकाल विचारत होतीस. माझ्याकडे निकाल कुठे होता? मला नुसते ते आवडत होते."

ती तशीच उभी राहिली. इतके महिने ती हे दुःख एकटीचं समजून वागवत होती. काढल्यावर रडणंही तिला शोभेना, कारण हौस तिची, निर्णय तिचा, आणि मोठं दुखणं तर बाजूलाच. डॉक्टर बोटांची चौकशी करत, काका डोळ्यांची. जे गेलं त्याची चौकशी कुणीच केली नव्हती. आणि हा माणूस तिच्याच घरात, तिच्याच शेजारी झोपून, त्याच गोष्टीसाठी झुरत होता.

"मलाही आवडायचे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याचेही डोळे वाहत होते. पुसायला त्याने हाताला आला तो तिचा शर्ट उचलला, आणि हे आपण काय करतोय असं वाटून परत खाली ठेवला. तिला रडतारडता हसू आलं. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट दाबला.

"दुखतंय," ती म्हणाली.

त्याने पकड सैल केली. हात सोडला नाही.